नाश्त्याआधीची दुरुस्ती

खोली क्रमांक चौदातल्या पलंगाच्या पायथ्याकडच्या डाव्या पायाखाली सात पाचरी होत्या, एकावर एक रचलेल्या, आणि त्यांची एकूण जाडी त्रेचाळीस मिलिमीटर भरली. ताईंनी ती दोनदा मोजली. पहिल्यांदा गुडघ्यांवर बसून, दुसऱ्यांदा चक्क पालथं पडून, गाल जमिनीला टेकवून. डोळा आकड्याच्या रेषेत नसला की माप थोडं खोटं येतं, हे त्या एके काळी कॉलेजातल्या मुलांना शिकवत असत. दोन्ही वेळा त्रेचाळीसच.

सकाळचे पावणेसात झाले होते. तळ्यावरून आलेला उजेड छतावर हलत होता. ताई तशाच पडून राहिल्या. एकदा खाली गेल्यावर एकसष्टाव्या वर्षी वर येणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो, तेव्हा तो सुरू करण्याआधी पाहायचं ते सगळं पाहून घ्यावं.

त्या पलंगाखाली का शिरल्या हे समजायला आधी झोपणी म्हणजे काय ते सांगायला हवं. हा शब्द त्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. हंगाम सुरू होण्याआधी हॉटेलातल्या प्रत्येक खोलीत घरातल्या कुणीतरी एक रात्र झोपायचंच, असा आजोबांच्या वेळेपासूनचा शिरस्ता होता. नुसतं जाऊन आडवं व्हायचं नाही. बॅग भरायची, मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने आत यायचं, काउंटरवर सही करून किल्ली घ्यायची, आणि सकाळी त्या खोलीचं कार्ड भरायचं: नळ गळतो, खिडकी वाजते, आरशात चेहरा हिरवा दिसतो. बाबांनी त्यात दोन नियमांची भर घातली. एक, पाहुण्याच्या अंगाने झोपायचं, मालकाच्या नाही. दोन, जे नाश्त्याआधी आपल्या हाताने नीट करता येईल ते कार्डावर लिहायचं नाही. "लिहीत बसता तेवढ्या वेळात स्क्रू पिळून होतो," ते म्हणत. त्या घरातली पोरं पेन धरायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हर धरायला शिकली होती.

तेव्हा घरात अकरा माणसं होती आणि अडतीस खोल्यांची झोपणी चार रात्रींत उरकायची. मग आजोबा गेले, काका-काकू मुलांकडे राहायला गेले, आई गेली. आई गेली तेव्हा ताई कॉलेजातून एका हंगामाची रजा घेऊन आल्या. त्या हंगामाला आता एकतीस वर्षं झाली होती. बाबाही गेले, आणि अडतीसच्या अडतीस रात्री ताई एकट्याच झोपू लागल्या. धाकटा भाऊ म्हणायचा, "झोपा काढून हॉटेल चालवणारी तू जगातली एकटीच बाई असशील." तो स्वतः पाठदुखीचं निमित्त पुढे करून त्यातून अंग काढून घ्यायचा. त्याला सगळे छोटू म्हणत. छोटू सत्तावन्न वर्षांचा होता आणि त्याचं वजन शंभर किलोला टेकलं होतं. त्याच्या मुलीला ठिपकी म्हणत. तिची उंची सहा फुटांना दोन इंच कमी होती. त्या घरात टोपणनावं पाळण्यात दिली जात आणि नंतर कुणी ती तपासून पाहत नसे.

हॉटेलाचे दिवस फिरले होते, पण एका रात्रीत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये चाळीस टेबलं होती; त्यांतली आता सहाच मांडली जात, तीही स्वयंपाकघराच्या दाराजवळची, म्हणजे वाढप्याला फार चालायला नको. तळ्याच्या पलीकडच्या काठावर काचेच्या लिफ्टची हॉटेलं उभी राहिली होती. इथे येत ते लहानपणी आईबापांबरोबर आलेले पाहुणे. ते आता तळमजल्यावरची खोली मागत, आपल्या जुन्या खुर्चीवर बसत, आणि दर वर्षी त्यांच्यातलं एखादं येईनासं होई. गेल्या हंगामात एका वेळी नऊपेक्षा जास्त खोल्या कधी भरल्या नाहीत. ताईंनी तरीही अडतीस खोल्यांची झोपणी केली. त्यांना ती आवडायची, हेही खरं. प्रत्येक खोलीतला सकाळचा उजेड वेगळा असतो, आणि तो सगळा पाहिलेली माणसं आता घरात दोनच उरली होती. दुसऱ्याला पाठदुखी होती.

चार वर्षांपूर्वी ठिपकी आर्किटेक्ट होऊन आली आणि तिने एक आराखडा टेबलावर पसरला. जुनी मुख्य इमारत आणि जेवणाचा हॉल तसाच ठेवायचा. तळ्याकडची बाजू, म्हणजे बाबांनी वाढवलेल्या बावीस खोल्या, पाडायची. तिथे पाण्यापर्यंत नुसतं गवत. नव्या बारा खोल्या मागच्या चढावर, पक्क्या खडकावर. तिने आणलेल्या इंजिनिअरांनी तीन पायांचं यंत्र लावून पाहिलं आणि सांगितलं की तळ्याकडची बाजू भराव घातलेल्या जमिनीवर आहे, आणि तिची पाण्याकडची भिंत एकोणीस सेंटिमीटर खाली गेली आहे.

हॉटेल दोघा भावंडांच्या नावावर होतं. छोटू म्हणाला, "ताई म्हणेल ते." आणि ताई काहीच म्हणेनात. घोडं तिथे अडलं.

त्या हट्टाने अडून बसल्या होत्या असं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. इंजिनिअरांनी एकदा मोजलं. आम्ही बासष्ट वर्षं दर वर्षी तिथे झोपून पाहतोय, आणि कार्डांवर उताराची एकही नोंद नाही. पलंग कललेला असता तर अकरा माणसांपैकी एकाच्या तरी डोक्यात रक्त उतरलं असतं. तेव्हा यंत्राचा शून्य कुठे धरला ते पाहा. दर वर्षी कुणी विचारलं की त्या म्हणत, "झोपणी होऊ दे, मग सांगते." झोपणी व्हायची, हंगाम लागायचा, आणि उत्तर पुढच्या झोपणीवर जायचं.

आणखी एक होतं, ते मात्र त्या बोलून दाखवत नसत. तळ्याकडची बाजू बाबांनी ताईंच्या जन्माआधी एक वर्ष बांधली. पाहुण्यांना ओळख करून देताना ते आधी त्या इमारतीकडे हात करून म्हणत, "ही माझी थोरली," आणि मग ताईंकडे. लहानपणी ताईंना याचा राग यायचा. मोठेपणी आपण त्या थोरलीला जपतो आहोत याचं त्यांना बरं वाटायचं.

ठिपकीने या वेळी आदळआपट केली नव्हती. काल संध्याकाळी रुमाल घडी करता करता तिने एवढंच सांगितलं होतं, "आत्या, मला दुसऱ्या शहरात काम मिळतंय. उद्या दहा वाजता त्यांना कळवायचंय. तू नाही म्हणालीस तरी चालेल. पण काहीतरी म्हण."

आणि आज सकाळी तळ्याकडच्या बाजूच्या चौदा नंबरात जाग आली तेव्हा ताईंचे पाय डोक्यापेक्षा किंचित खाली होते. किंचितच. अलीकडे असं दर दोन-तीन वर्षांनी व्हायचं. अशा वेळी हॉटेलातले जुने सुतारकाका एक पाचर आणत, पलंग उचलून ती सरकवत, की झालं. काकांना आता शहात्तरावं लागलं होतं आणि त्यांच्या गुडघ्यांनी संप केला होता, म्हणून ताई स्वतःच खाली वाकल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी त्या पलंगाखाली नीट पाहिलं ते आज.

दारावर टकटक झाली. दार ढकलून सुतारकाका आत आले. सवयीप्रमाणे त्यांच्या ॲप्रनच्या खिशात पाचर होती.

"काय हरवलं, ताई? कानातलं?"

"काका, इथे सात आहेत."

"आठवी आणलीय." त्यांनी खिशातून काढून दाखवली. "छान आहे. मऊ लाकूड, आवाज करत नाही."

"पण सात कशाला?"

काकांनी विचार केला. "सहावी पुरेना म्हणून."

ताई उठून बसल्या. कार्यक्रम दोन भागांत पार पडला. "तुम्हाला कळत नव्हतं का, काका? पलंग सारखा सारखा एकाच बाजूला का कलतो ते?"

"पलंग सरळ करणं माझं काम. इमारत सरळ कर, असं मला कुणी सांगितलं नाही."

"अहो, बोलायचं तरी."

"बोललो होतो. तुमच्या बाबांशी. तुम्ही कॉलेजात होता तेव्हा." काका खुर्चीच्या कडेवर बेताने टेकले. "म्हटलं, साहेब, ह्या खोल्यांना पाचरी फार लागतात. म्हणाले, पाचर बसवायला किती वेळ लागतो? म्हटलं, दोन मिनिटं. म्हणाले, नाश्ता झाला का? म्हटलं, अजून नाही. मग आधी पाचर बसव, म्हणाले." ते थोडे हसले. "माणूस हुशार. पण आपल्या लेकीबद्दल बापाला काही सांगायला जाऊ नये."

ताईंनी पलंगाची कड धरली, काकांनी आपल्या बाजूने जोर लावला, आणि पाचरी बाहेर आल्या. ताईंनी त्या चादरीवर ओळीने मांडल्या. सगळ्यात खालची गडद लाकडाची, नीट रंधा मारलेली, नऊ मिलिमीटर. दुसरी सिगारच्या खोक्याची पट्टी. तिसरी हातात घेतल्यावर त्या थांबल्या.

तो लाकडी फूटपट्टीचा तुकडा होता. त्यावर अकरा ते चौदा असे आकडे होते आणि बाराच्या खाली शाईचा डाग. पट्टी त्यांचीच. एकोणीस वर्षांच्या असताना सुटीत घरी आल्या होत्या आणि याच खोलीत झोपल्या होत्या. पाय खाली वाटले, सुतारकाका दिसेनात, म्हणून पट्टीचे गुडघ्यावर तुकडे करून त्यातले दोन दोन पायांखाली सरकवले होते आणि सगळ्यांच्या आधी नाश्त्याला पोचल्या होत्या. बाबांनी पाठ थोपटली होती. कार्डावर अर्थातच काही लिहिलं नव्हतं. एवढं भौतिकशास्त्र शिकत असताना मोजायची पट्टी त्यांनी मोडून खाली घातली होती, आणि न मोजता.

मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, तसं काही झालं नाही. ताईंना वेगळंच वाटलं. प्रयोगात आकडे जुळेनात, जुळेनात, आणि मग ध्यानात यावं की वजनाच्या पारड्याखाली आपलंच बोट होतं, तसं. त्यांना हसू आलं. बासष्ट वर्षं त्या घराने एकही तक्रार लिहिली नाही, कारण घर आळशी नव्हतं. प्रत्येकाने पाहुण्याच्या अंगाने झोपून पाहिलं, आणि प्रत्येकाने नाश्त्याआधी ते नीट केलं.

"बसवू का आठवी?" काकांनी विचारलं. "सव्वासात झालेत. आठला अंडी उकडतील."

हे अगदी सोपं होतं. आठवी पाचर बसली की पलंग सरळ. कार्ड कोरं. पलंगाखाली कोण वाकतंय? काका कुणाला सांगणार नव्हते. त्यांनी बेचाळीस वर्षं तोंडात मूग धरले होते, ते आणखी चार वर्षं धरले असते. दहा वाजता ठिपकीने तिचं तिचं उत्तर कळवलं असतं, आणि पुढच्या वर्षी ताई परत बॅग भरून पुढच्या दाराने आत आल्या असत्या.

"नको, काका," ताई म्हणाल्या. "आज नको. पंधरा नंबरात चला."

पंधरात त्रेचाळीस भरले. सोळात चव्वेचाळीस. सतरात एक्केचाळीस, पण तिथल्या एका पाचरीला वाळवीने पोखरलं होतं, तेव्हा तो आकडा ताईंनी बाजूला ठेवला. मग त्या काउंटरवर गेल्या आणि कार्डांचा लांब खण ओढून उभ्याउभ्याच वाचू लागल्या. आता काय शोधायचं ते कळल्यावर कार्डं निराळंच बोलत होती. बाबांच्या बारीक अक्षरात: "दार आपोआप लागते. सोयीचे." काकूंच्या: "न्हाणीघरात पाणी झटकन निचरते. उत्तम." आजोबांच्या थरथरत्या अक्षरात: "खिडकीकडे जाताना पाय हलके वाटतात, परतताना नाही. तळ्याची हवा." आणि स्वतः ताईंच्या, पस्तिसाव्या वर्षीच्या ठसठशीत अक्षरात: "संत्री टेबलावर राहत नाहीत. बशी द्यावी."

मग एक कार्ड आलं, त्यावर मोठाली वेडीवाकडी अक्षरं होती. छोटू तेव्हा आठ वर्षांचा होता. "चेंडू खिडकीकडे जातो. परत सोडला तरी जातो. मजा येते."

ताईंनी ते कार्ड खिशात घातलं. मग धोब्याच्या यादीच्या पाठीमागे गणित मांडलं. पलंगाची लांबी एकशे नव्वद सेंटिमीटर. त्यात त्रेचाळीस मिलिमीटर उतार. इमारतीची रुंदी नऊ मीटर. म्हणजे पाण्याकडची भिंत वीस सेंटिमीटर खाली. इंजिनिअरांचा आकडा एकोणीस. पाचरी आणि यंत्र यांच्यात बोटभराचा फरक. ताईंना ते फार आवडलं. त्यांनी काकांना विचारून प्रत्येक पाचरीपुढे साल लिहिलं. पहिल्या त्रेपन्न वर्षांत सव्वीस मिलिमीटर. गेल्या नऊ वर्षांत सतरा. हे त्यांना कमी आवडलं, आणि त्यांनी त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटी त्यांनी चौदा नंबरचं कार्ड काढलं, तारीख घातली आणि लिहिलं: "इमारत तळ्याकडे कलली आहे. नाश्त्याआधी नीट होण्यासारखे नाही."

हॉलमध्ये छोटू अंड्याला चमच्याने टिचक्या मारत होता. ठिपकी खिडकीशी उभी राहून चहा पीत होती. तिचा फोन टेबलावर उपडा ठेवलेला होता.

"आज उशीर?" छोटू म्हणाला. "आणि केसांत कोळिष्टकं. ताई, कुठे झोपली होतीस, छतावर?"

"पलंगाखाली." ताईंनी मिठाची कुपी आणि टोस्टची बशी बाजूला सारली आणि टेबलक्लॉथवर सात पाचरी ओळीने मांडल्या. "ह्या चौदा नंबरच्या एका पायाच्या. दुसऱ्या पायाच्या काकांकडे आहेत."

काका दाराशी उभे होते. त्यांनी ॲप्रनचा खिसा वाजवून दाखवला.

ठिपकी जवळ आली. तिने एकेक पाचर उचलून पाहिली आणि मग धोब्याच्या यादीवरचं गणित वाचलं, बोट ठेवून, दोनदा. मग तिने फूटपट्टीचा तुकडा उचलला.

"ही कुणाची?"

"माझी. एकोणीस वर्षांची होते."

"आत्या. म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वी तू स्वतः—"

"हो."

"मग लिहिलं का नाहीस?"

"नाश्त्याआधी झालं होतं."

ठिपकीने कपाळावर हात मारला आणि मग तिलाही हसू आवरेना. छोटूला आधी काही उमजलं नाही. तो पाचरी मोजत राहिला, मग खिडकीतून तळ्याकडच्या बाजूकडे पाहू लागला, डोकं एकीकडे कलवून, मग दुसरीकडे.

"सरळ तर दिसतेय," तो म्हणाला.

"तुला दिसायलाच हवी. तू तिच्याबरोबर वाढलास." ताईंनी खिशातून कार्ड काढलं. "पण एके काळी तुझी नजर चांगली होती. वाच."

छोटूने चष्मा वर सरकवून वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा आठ वर्षांच्या पोरासारखा झाला. "हा तो लाल चेंडू. पलंगावरून सोडला की थेट खिडकीखाली. मी काकूंना दाखवला होता. त्या म्हणाल्या, खोलीत खेळू नकोस."

"बासष्ट वर्षांत एकच नोंद बरोबर आहे, आणि ती तुझी."

"आणि तुम्ही मला गणितात ढ म्हणायचात." त्याने कार्ड अंड्यापासून लांब, जपून ठेवलं. "ताई, हे मला देऊन टाक."

"घे."

"म्हणजे इंजिनिअर बरोबर होते," ठिपकी हळूच म्हणाली.

"एका सेंटिमीटरने चुकलेत. किंवा मी चुकलेय. त्यांना सांग, दहा वाजता या, दोघं मिळून परत मोजू." ताई खुर्चीत बसल्या. "पण तो सतराचा आकडा बघ. नऊ वर्षांत सतरा. आधीपेक्षा जवळजवळ चौपट वेग आहे. मी चार वर्षं थांबवलं तुम्हाला. ती थांबली नाही."

काकांनी दाराशीच एक खुर्ची ओढून घेतली. बाहेर तळं शांत होतं आणि बाबांची थोरली त्याच्या काठाशी उभी होती, बावीस खिडक्या धुऊन पुसून लख्ख, आत बावीस पलंगांवर स्वच्छ चादरी. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. एवढी जपलेली इमारत आपण दुसरी पाहिली नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यात दुःख शोधून सापडलं नाही. माणसाने वय होऊन थकावं आणि शेवटपर्यंत त्याचे कपडे इस्त्रीचे असावेत, तसं ते होतं. ठिपकीच्या आराखड्यात त्या जागी नुसतं गवत होतं. गवतावरून तळं या टेबलापासून थेट दिसलं असतं. हे त्यांनी चार वर्षांत कधी डोळ्यांपुढे आणून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

ठिपकीने आत्याच्या कपात चहा ओतला आणि किटली खाली ठेवली. घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती.

ताईंनी सात पाचरी पुन्हा एकावर एक रचल्या, तळहाताने दाबून सारख्या केल्या आणि ठिपकीच्या फोनशेजारी ठेवल्या.

"पाडू या," त्या म्हणाल्या. "तळ्याकडची बाजू पाडू या."